बाकड्यावरचा रुमाल

सोमवार, २ डिसेंबर. मिरज

मानवजातीच्या इतिहासात जे मोठमोठे विश्वासघात झाले, त्यांत हॉटेल चिरंजीवच्या पाटीची नोंद व्हावी, अशी माझी नम्र मागणी आहे. पाटीवर लाल अक्षरांत ठसठशीत लिहिलंय: चोवीस तास गरम पाणी. खोलीतला नळ सोडल्यावर जे आलं ते थेट हिमालयातून, आणि बहुधा पायी चालत आलेलं. मी एकदा त्या पाण्याकडे पाहिलं, एकदा त्रेपन्न वर्षं जपलेल्या स्वतःच्या देहाकडे पाहिलं आणि दोघांची गाठ घालून द्यायची नाही असं ठरवलं.

खाली फोन लावला. मालक लालासाहेब यांनी अत्यंत शांतपणे खुलासा केला, की पाणी चोवीस तास गरमच असतंय, फक्त ते खाली असतंय. मागच्या बोळात बंब आहे. बादली घेऊन यायचं, नंबर लावायचा. गीझरचं पाणी अंगाला वरवर लागतंय, बंबाचं कसं साहेब, आत मुरतंय.

एवढं सोडलं तर आगमन झकास झालं. पुण्याहून गाडी वेळेवर आली, रिक्षावाल्यानं मीटरबद्दल खोटी आशा दाखवली नाही, आणि स्टेशनबाहेरचा चहा चहासारखा होता. लग्नसराईमुळे बरी हॉटेलं भरलेली, म्हणून कंपनीनं हे शोधून दिलं. एका मोठ्या इस्पितळाच्या बरोबर मागे. राहणारे जवळजवळ सगळे पेशंटांचे नातेवाईक. प्रत्येक खोलीबाहेर चपलांचा ढीग, आणि जिन्यात भाकरीचा आणि फिनेलचा असा संयुक्त वास, की आधी भूक लागते आणि मग जाते.

माझं काम त्याच इस्पितळात. आठ दिवसांत टोकनचं यंत्र बसवायचं. माणूस आला, बटण दाबलं, चिठ्ठी घेतली, खुर्चीत बसला. आकडा उजळला की आत गेला. यंत्राला आवाजही आहे. कलावंताला पैसे द्यायला नकोत म्हणून कंपनीनं तो माझाच घेतला: पुढचा क्रमांक. कृपया आत या. ‘कृपया’वर किंचित जोर. महाराष्ट्रातल्या अनेक दवाखान्यांत लोक माझ्या आवाजाला उठतात. घरी बायको, माया, मात्र एका हाकेत उठत नाही.

तर, बंब. बादली घेऊन बोळात उतरलो. भिंतीशी एक लांबलचक लाकडी बाकडं, आणि त्यावर ओळीनं कपडे मांडलेले. टॉवेल, टोपी, उपरणं, घडी घातलेलं लुगडं. ऊर भरून आला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली जात! इथं तिनं अंघोळीसाठीही जागा धरल्या होत्या. बाकड्याच्या टोकाला एक हिरवं बंद दार. दारालगत निळ्या चौकड्यांची लुंगी, मग हिरव्या खणाची चोळी, मग काळ्या घोंगडीचा तुकडा, आणि मागे बाकीची प्रजा.

माणूस एकही दिसेना. आता, रांगेवर ज्याचं पोट चालतं त्यानं रांग पाळलीच पाहिजे असं नाही; मिठाईवाला कुठे पेढे खातो? लुंगी आणि चोळी यांना मान देऊन मी तो घोंगडीचा तुकडा दोन बोटांनी मागे ढकलला आणि त्या जागी माझा पांढरा, निळ्या काठाचा रुमाल अंथरला. वळून बघतो तर बंब बोळाच्या भलत्याच टोकाला, आणि तिथे चिटपाखरू नाही. बादली भरली, कडकडीत अंघोळ केली. रुमाल तिथेच राहिला. आणीन संध्याकाळी.

मंगळवार, ३ डिसेंबर

रुमाल आणायचा राहिला. दिवस इस्पितळातच गेला. तिथली रांग म्हणजे जत्रा. मी नेहमीचं भाषण ठोकलं: वाट पाहण्याचा त्रास नसतो, आपला नंबर कधी लागेल हे माहीत नसण्याचा त्रास असतो, माणसाला रांग द्या, त्याला धीर येतो. डॉक्टरमंडळींनी माना डोलावल्या. डॉक्टर लोक कशालाही माना डोलावतात.

संध्याकाळी परतलो तर दारात एक बाई उभी. साठीची, कपाळभर कुंकू, हातात स्टीलची ताटली, तिच्यात धपाटे आणि हिरवा ठेचा. नाव धोंडुबाई. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची. नवरा बिराप्पा मेंढरामागं फिरणारा. रानातच लकवा मारला, डावी बाजू गेली, तेव्हापासून समोरच्या वॉर्डात पडून. काल दुपारपासून डाव्या हातात पेला धरतोय, म्हणाली. आवं दादा, तुमचं लय उपकार झालं.

मी म्हटलं, बाई, मी यंत्रवाला आहे, डॉक्टर नाही. ती म्हणाली, ठावं हाय. आणि चक्क पायाला हात लावून गेली. मी धपाटे खाल्ले. यंत्र अजून चालूही झालं नाही आणि आशीर्वाद सुरू. कंपनीला कळवायला हवं.

एक गोष्ट खटकली. जेवायला बाहेर पडलो तेव्हा जिन्यात बसलेली माणसं बोलायची थांबली. त्यांतला एक मिशीवाला, निवृत्त फौजी, सयाजी नावाचा. त्याची आई राहीबाई अतिदक्षता विभागात आहे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या उसात म्हैस सोडली होती. शेजारच्याला म्हणाला, मला ऐकू जाईल असं: हेच ते. शिकल्याली माणसं.

बुधवार, ४ डिसेंबर

सकाळी रुमाल आणायला गेलो. निळी लुंगी नव्हती. सगळे कपडे एकेक जागा पुढे सरकलेले. माझा रुमालही, व्यवस्थित घडी घालून. आता पुढे फक्त हिरवी चोळी. मागे घोंगडी.

लालासाहेब बंबात लाकडं सारत होते. त्यांना विचारलं, बंबाची रांग इतक्या लांब कशाला? त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग म्हणाले, साहेब, ती बंबाची न्हाई.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण पुण्याला गेल्यावर हे सांगून मी चार मेजवान्या उपटणार आहे. समोर ज्याचा पेशंट लय सिरीयस, तो त्याच्या अंगावरचा एक कपडा आणून या बाकड्यावर ठेवतो. नवा येईल तो शेवटाला. दारालगत ज्याचा कपडा, त्याला आधी बोलावणं. पूर्वी रांग नव्हती, तेव्हा ताळतंत्रच नव्हतं. नव्वदीचं म्हातारं खोकत बसायचं आणि तरणाताठा पोरगा जायचा. लोकांना सोसवेना. मग त्यांच्या वडिलांनी हे बाकडं टाकलं. तेव्हापासून वळीनं चाललंय. पाहुण्यांना फोन करायला वेळ मिळतो. आणि नंबर यायच्या आत पेशंट बरा झाला, तर नातेवाईक कपडा उचलून घरी जातात. जातात की, साहेब, कितीतरी जातात. सगळी धडपड मागं राहायची. आजवर पुढं कुणी घुसलं नव्हतं.

मी हसलो. चांगला मोठ्यांदा हसलो. लालासाहेब हसले नाहीत. म्हणाले, मी तुमाला बंब सांगितलं हुतं, बाकडं न्हाई. आणि ज्याची त्यानं धरलेली जागा दुसऱ्यानं उचलायची न्हाई, असा इथला रिवाज. म्हणून कुणी हात लावला न्हाई तुमच्या रुमालाला. त्या दाराचं विचारलं तर म्हणाले, काय न्हाई, मागं भिंतच हाय.

चहा घेताना डाव्या हातातून कप सुटला. पँट भाजली. हात झोपला असावा. त्या कुशीवर झोपतो मी.

गुरुवार, ५ डिसेंबर

हात अजून झोपलेलाच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी. इस्पितळातच होतो, दाखवून घेतलं. सगळे रिपोर्ट उत्तम. डॉक्टर म्हणाले, ताण कमी करा. मी म्हटलं, हात गळतोय. म्हणाले, वयही आहे.

येताना वॉर्डावरून आलो. मुद्दाम नाही. बिराप्पा खाटेवर बसून डाव्या हातानं मिशी पिळत होता आणि नर्सबाईंना दमात घेत होता, की माझी मेंढरं कुणाच्या बापानं राखायची. रुबाबदार माणूस. धोंडुबाईनं मला बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

बोळात सयाजीनं गाठलं. मला वाटलं, रांग मोडली म्हणून बोलेल. तो निराळंच बोलला. घुसायचंच हुतं तर आनि एक पाऊल म्होरं घुसायचं हुतं. आमच्या आईच्या म्होरं. धनगराच्या म्हाताऱ्यावर मेहरबानी, आन् आमी काय पाप केलं हुतं? माझी कॉलर त्याच्या मुठीत होती. म्हणाला, ठीव अजून. उचल आन् म्होरं ठीव. मी नाही म्हटलं. आजूबाजूला पाच-सहा जण उभे होते. कुणीही त्याला आवरलं नाही; त्यांच्या तोंडावर एवढंच होतं, की हा आमच्या जागी का नाही बसला.

मी रुमाल उचलला, खिशात घातला आणि जाहीर केलं, की खेळ संपला. तसा सयाजी थंड झाला. थंड झाल्यावर तो जास्त वाईट दिसतो. म्हणाला, उचलल्यानं जागा सुटत न्हाई गड्या. मागं कुणाची तरी मिळायला लागती. ती कोन देतंय तुला?

दुपारी बोळाकडून आवाज आला. पुढचा क्रमांक. कृपया आत या. माझाच. ‘कृपया’वर जोर. मी खूश झालो, म्हटलं हाताखालच्या पोरांनी इस्पितळातलं यंत्र चालू केलं. जाऊन पाहिलं तर यंत्राची वायर अजून जोडलेली नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर. सातारा

कंपनीचं साताऱ्यातही एक काम होतं, पुढच्या आठवड्यातलं. ते आज काढलं. सामान मिरजेच्याच खोलीत आहे; लवकर निघायचं होतं. पळालो असं कुणी म्हणू नये. गाडीत खिडकीशी बसलो. रुमाल खिशात, वरचेवर चाचपत होतो.

इथलं हॉटेल फार चांगलं. नळाला गरम पाणी येतं. मी नळ सोडून नुसता बघत उभा राहिलो. डाव्या हातावर धार धरली. हात लाल झाला, पण भाजलं काही नाही.

कंदी पेढे घेतले. मायाला फोन केला. ती म्हणाली, आवाज असा का येतोय तुझा, जीभ जड झाल्यासारखा. म्हटलं, पेढा आहे तोंडात. नव्हता.

शनिवार, ७ डिसेंबर. सातारा

खिसा रिकामा. पँट झटकली, गादी उलटली, खोली झाडणाऱ्या बाईला उगाच बोललो. ती बिचारी स्वतःचा रुमाल द्यायला लागली.

नाश्त्याला बसलो तेव्हा लालासाहेबांचा फोन. अगदी अदबीनं. साहेब, तुमचा रुमाल हितं राहिलाय. बाकड्यावर. कुणी ठेवला विचारलं. म्हणाले, आमी कुणीच हात लावत न्हाई, तुमाला म्हाईत हाय.

मग म्हणाले, राहीबाई गेल्या सकाळी.

म्हणजे आता पुढे कुणी नाही.

परत निघालो. इथून तो रुमाल हलवता येत नाही, तिथे जाऊनच हलवावा लागेल. शेवटाला नेऊन ठेवतो. सरळ शेवटाला. रांगेचा माणूस आहे मी, रांगेत शेवटी उभा राहीन, कुणाची काय हरकत—

रविवार, ८ डिसेंबर. मिरज

हरकत आहे. सगळ्यांची.

बाकड्यासमोर आळीपाळीनं बसतात. दिवसभर. मी शेवटाला जायचं तर प्रत्येकाला एक जागा पुढे सरकावं लागतं. म्हणून जो तो आपल्या कपड्यावर हात ठेवून बसलाय. मी रुमालाकडे वाकलो तर दोघांनी दंड धरले. एकानं मांडीवर लाथ घातली. सभ्य माणूस होता, कुठल्याशा शाळेत शिकवतो. लाथ घातल्यावर चष्मा नीट केला.

पाया पडलो. पैसे काढले. कुणी नोटांकडे बघितलंही नाही. लालासाहेब म्हणाले, तुमीच सांगत हुता न्हवं साहेब, रांग मोडायची न्हाई.

सयाजी आईची चोळी न्यायला आला होता. मुंडण केलेलं. माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मारेल असं वाटलं. नुसता बघत राहिला, माझ्या हाताकडे. मग म्हणाला, लागतंय बग आता तुला बी, समद्यांगत. आणि गेला.

हिरवं दार उघडून बघितलं. कडी नव्हती. आत विटांची भिंत. हात लावला— उजवा— भिंत गरम. आत मुरलेली गरम.

डावा पाय ओढावा लागतो. इस्पितळात सांगितलं, मला भरती करा. म्हणाले, कशासाठी?

सोमवार, ९ डिसेंबर. दुपार

बाकड्यासमोर बसून लिहितोय. पहारा नाही. बिराप्पाला आज घरी सोडतायत, पायावर चालत. सगळे बघायला गेले. रांगेतून कुणी बरं होऊन गेलं की सगळेच जातात. लालासाहेब पेढे आणायला.

धोंडुबाई आत्ता येऊन गेली. पाठीला गाठोडं. ताटलीचं बोलली नाही, मीच देणं लागतो ती— मंगळवारपासून खोलीतच. म्हणाली, आवं दादा, रिक्षा बघून येते, तवर आमच्या घोंगडीवर वाईच ध्यान ठिवा. येताना उचलते.

मी म्हटलं, बाई, माझ्यावर?

म्हणाली, दुसरं कोन हाय हितं.

तिला सगळं कळतं. माझ्या हाताकडे बघूनच बोलली. आणि गेली.

रुमाल दारालगत. मागे घोंगडी. ती गेली की मागच्यांच्या मुठीत सगळं. ही एकच जागा— आत्ता, एवढ्यातच. घोंगडी पुढे, रुमाल मागे; दोन बोटं पुरतील. पहिल्यांदा दोनच लागली होती.

घोंगडीवर बोटं ठेवली. खरखरीत. मेंढराचा वास. हात— डाव्या हाताच्या करंगळीत मुंग्या आल्या. खरंच आल्या.

समोर वॉर्डाच्या खिडकीत बिराप्पा. पटका बांधत होता. दोन्ही हातांनी. डावा एकदम खाली पडला. त्यानं हाताकडे बघितलं. पुन्हा उचलायला लागला—

बोटं काढली.

वर खोलीत जाऊन आलो. पाय ओढत. ताटली घासली, एका हातानं. ठेचा वाळून चिकटला होता. रिकामं भांडं परत देऊ नये, आईची शिकवण. साताऱ्याचे पेढे होते, मायासाठी घेतलेले. ते मांडले. नीट.

रिक्षा आली. ताटली दिली. तिनं पेढे बघितले. घोंगडीचा तुकडा बाकड्यावरून उचलून त्यात बांधून घेतले, सगळेच. एक माझ्या हातावर ठेवायला लागली— डाव्या. पडला. तिनंच उचलून माझ्या तोंडात घातला. बिराप्पा रिक्षातून ओरडत होता, आगं चल की, मेंढरं वाट बघत्यात.

गेले.

उगाच थोर म्हणून कुणी लिहू नये. ती येईपर्यंत उजव्या हातात ताटली होती, एवढंच. रिकामा असता तर सांगता येत नाही.

पेढा गोड आहे. दार आतून— कडी वाजली, कडी नसताना—

माझाच आवाज. स्वच्छ. पुढचा क्रमांक. मायाला सांगा पेढे मी— ‘कृपया’वर जोर बरोबर आहे, मी नेहमी म्हणायचो तो थोडा कमी